एक बाण फिरवला की नवं फायरफॉक्स

ब्राउझरची नवी आवृत्ती टाकायला दहा मिनिटं लागतात. पण त्यानंतर डेस्कटॉपवरचं आयकॉन उघडत नाही, डिजिटल सहीचं टोकन ओळखलं जात नाही, ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर लावून ठेवलेलं होमपेज गायब होतं, आणि हे निस्तरण्यात अख्खी दुपार जाते. नागपुरात सीए, वकील, सरकारी कंत्राटदार यांच्या ऑफिसांतली लिनक्सची मशीन जे सांभाळतात त्यांना यात काही नवं नाही. जीएसटीचं रिटर्न असो की रस्त्याच्या कामाचं टेंडर, सगळं शेवटी ब्राउझरमधूनच जातं, आणि टेंडरची वेळ टळली की टळली.

बिघाड वेगवेगळे दिसले तरी मूळ बहुतेकदा एकच निघतं. कुणीतरी कुठेतरी आवृत्तीच्या आकड्यासकट पत्ता लिहून ठेवलेला असतो. आयकॉनच्या फाइलमध्ये ‘/ऑप्ट/फायरफॉक्स-१२८/फायरफॉक्स’ असं असतं (‘/ऑप्ट’ हा वेगळे टाकलेले प्रोग्राम ठेवायचा फोल्डर). तुम्ही १४० टाकलं, १२८ उडवलं, आणि आयकॉन त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत बसतं. युनिक्सच्या जगात यावर एक जुना, साधा इलाज आहे: सिंबॉलिक लिंक, बोलताना सिमलिंक. बर्कलेच्या १९८३ सालच्या ४.२बीएसडी या युनिक्सपासून ती चालत आली आहे. तुम्ही आजवर एकही बनवली नसली तरी तुमच्या लिनक्स मशीनवर त्या ढिगाने आहेत.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. ‘एलएन’ म्हणजे एल आणि एन, दोन्ही छोटी लिपी.)

बाण म्हणजे काय

सिमलिंक ही एक चिमुकली फाइल असते. तिच्यात दुसऱ्या एखाद्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता असतो, बाकी काहीच नाही. एखाद्या प्रोग्रामने ती उघडायला मागितली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो पत्ता वाचतो आणि परस्पर तिकडे जातो. प्रोग्रामने मुद्दाम चौकशी केली नाही तर त्याला याचा पत्ताही लागत नाही.

हिवाळी अधिवेशनाला मुख्यमंत्री नागपुरात येतात तेव्हा त्यांचा मुक्काम सिव्हिल लाइन्समधल्या ‘रामगिरी’वर असतो. मुख्यमंत्री बदलले म्हणून निवेदन घेऊन निघालेल्याला नवा पत्ता विचारत फिरावं लागत नाही; ऑटोवाल्याला ‘रामगिरी’ सांगितलं की झालं. आत कोण आहे ते दुसरीकडे ठरतं. सिमलिंकचं काम नेमकं हेच. ‘/ऑप्ट/फायरफॉक्स’ हे नाव सगळ्यांनी पाठ करायचं, आत १२८ की १४० हे एकाच जागी ठरवायचं.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएस -एल /ऑप्ट’ केलं की लिंकची ओळ पाहून घ्या. परवानग्यांच्या रांगेत पहिलं अक्षर एल असतं (साध्या फाइलला तिथे आडवी रेघ, फोल्डरला डी), पुढे मालक, गट, आकार, तारीख, आणि शेवटी ‘फायरफॉक्स -> फायरफॉक्स-१४०’. हा तो बाण. आकाराच्या रकान्यात ११ दिसेल. पलीकडे अडीच-तीनशे एमबीचा ब्राउझर आणि इथे ११ बाइट! नाव इंग्रजीत लिहून मोजा: सात अक्षरं, एक जोडरेघ, तीन आकडे. लिंकमध्ये साठवलंय ते तेवढंच. ईएक्सटी४ या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर पत्ता ६० बाइटांच्या आत असला तर त्याला डिस्कवर वेगळी जागासुद्धा लागत नाही, फाइलच्या नोंदीतच तो मावतो. आणि त्या ओळीत सगळ्यांना सगळ्या परवानग्या दिलेल्या दिसतील. त्या पाहून दचकू नका. लागू होतात त्या पलीकडच्या खऱ्या फाइलच्या.

विंडोजचा शॉर्टकट दिसायला असाच असतो, पण तो फाइल एक्सप्लोररला कळतो, बाकीच्या बहुतेक प्रोग्रामांना ती एक वेगळीच फाइल दिसते. खऱ्या सिमलिंक विंडोजमध्येही व्हिस्टापासून आहेत, ‘एमकेलिंक’ या कमांडने होतात, पण इथे तो विषय नाही. हार्ड लिंकही इथे कामाची नाही. ती एकाच फाइलला दुसरं नाव देते, फोल्डरला लावता येत नाही आणि दुसऱ्या पार्टिशनवर जात नाही.

लिंक बनवायची ती ‘एलएन -एस’ने. पुढे दोन नावं द्यायची, आणि त्यांचा क्रम चुकतो तो इथेच. कॉपी करताना जसा, तसाच क्रम: आधी जे आहे ते, मग जे बनवायचं ते. ‘एलएन -एस फायरफॉक्स-१४० /ऑप्ट/फायरफॉक्स’.

पहिलं नाव नुसतं ‘फायरफॉक्स-१४०’ दिलं आहे, पूर्ण पत्ता नाही. चालतं का? चालतं, कारण असा अपुरा पत्ता लिंक जिथे आहे तिथून मोजला जातो. तुम्ही कमांड कुठे बसून चालवली याला काही महत्त्व नाही. हा नियम लक्षात नसला की पंचाईत होते. डाउनलोड्स फोल्डरात बसून तिथल्याच एखाद्या फाइलची लिंक दुसऱ्या फोल्डरात बनवली आणि नुसतं नाव दिलं, तर लिंक बनते, कमांड चकार शब्द काढत नाही, पण लिंक लोंबकळत राहते. उघडायला गेलं की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर डोळ्यांसमोर दिसतेय! दिसतेय ती लिंक. नाही म्हणतोय ते पलीकडच्या फाइलबद्दल. टर्मिनलमध्ये रंग चालू असतील तर अशी लिंक बहुधा लाल दिसते. गोंधळ वाटला तर सरळ पूर्ण पत्ता द्यावा.

आवृत्त्या शेजारी-शेजारी

आधी हे सांगतो: घरी एकच मशीन असेल आणि उबंटू किंवा डेबियन स्वतःहून ब्राउझर अपडेट करत असेल तर यातलं काहीच करू नका. मोझिला स्वतः २०२४च्या जानेवारीपासून डेबियन-उबंटूसाठी फायरफॉक्सची पॅकेजं देते, ती उत्तम चालतात. पुढची खटपट त्यांच्यासाठी, ज्यांना एखादी ठरावीक आवृत्ती धरून ठेवावी लागते, नवी आधी चाचणीला लावावी लागते आणि काही फसलं तर दोन मिनिटांत मागे यावं लागतं. म्हणजे ऑफिसं आणि कॉलेजच्या लॅब.

पद्धत अशी. मोझिलाच्या संकेतस्थळावरून फायरफॉक्सचं गाठोडं, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र दाबून बांधलेली फाइल, उतरवायचं. दीर्घ मुदतीची ईएसआर आवृत्ती घेतली तर वर्षाकाठी एखादाच मोठा बदल सोसावा लागतो. ११५ ही २०२३ची, १२८ ही २०२४ची, १४० ही २०२५ची. (हे गाठोडं आवृत्ती १३५पासून एक्सझेड प्रकारचं झालं, आधी बीझेड२ होतं. जुनी स्क्रिप्ट अचानक बंद पडली असेल तर आधी हे बघा.) ते सोडलं की नेहमी ‘फायरफॉक्स’ नावाचाच फोल्डर निघतो, म्हणून ते थेट ऑप्टमध्ये सोडायचं नाही. दुसरीकडे सोडायचं आणि मग आकड्यासकट नाव देऊन ऑप्टमध्ये हलवायचं. आता ऑप्टमध्ये १२८ आणि १४० शेजारी-शेजारी आहेत, आणि ‘फायरफॉक्स’ नावाचा बाण अजून १२८कडे आहे. कुणाचंच काम थांबलेलं नाही. १४० तुम्ही पूर्ण पत्त्याने उघडून निवांत तपासू शकता: टेंडरचं पान उघडतंय का, टोकनची सही होतेय का, प्रिंट नीट येतेय का.

मग बाण फिरवायचा: ‘एलएन -एसएफएन फायरफॉक्स-१४० /ऑप्ट/फायरफॉक्स’. यात एफ म्हणजे जुनी लिंक काढून नवी ठेव. एनचं महत्त्व मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो दिला नाही तर एलएनला ‘/ऑप्ट/फायरफॉक्स’ हा फोल्डर वाटतो, कारण बाण फोल्डरकडेच जातो. मग तो जुन्या १२८च्या फोल्डरात शिरतो आणि तिथे आत ‘फायरफॉक्स-१४०’ नावाची एक लिंक बनवून मोकळा होतो. कुरकुर नाही, चूक दाखवणं नाही. तुम्ही समजता अपडेट झालं, आणि उघडतं जुनंच. कधी जुन्या फोल्डरात अशी एखादी अनाथ लिंक सापडली तर ती कुठून आली हे कळून चुकेल.

सर्व्हरवर, जिथे क्षणभराचाही खंड नको, तिथे आणखी काटेकोर पद्धत वापरतात. नवी लिंक वेगळ्या नावाने बनवायची आणि ‘एमव्ही’ला मोठ्या लिपीतला टी देऊन ती जुन्या नावावर हलवायची. नाव बदलण्याची ही क्रिया कर्नल अखंड करतो. मधल्या काळात ‘लिंकच नाही’ अशी स्थिती कुणालाही दिसत नाही. ब्राउझरसाठी एवढी काळजी नको.

या पद्धतीचा एक फायदा आधी लक्षात येत नाही. पॅकेजने ब्राउझर जागच्या जागी बदलला की चालू असलेल्या फायरफॉक्सच्या पायाखालच्या फाइली बदलतात. नवी टॅब उघडली की ‘आधी रीस्टार्ट करा’ असं पान येतं, तेही अर्धवट भरलेल्या फॉर्मच्या मधोमध. इथे जुना फोल्डर जसाच्या तसा असतो. ज्याचं फायरफॉक्स चालू आहे ते १२८वरच चालत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं की १४०.

एक पथ्य मात्र पाळायचं. फायरफॉक्सला स्वतःचा फोल्डर लिहिता येत असेल तर तो स्वतःला अपडेट करून घेतो, आणि मग १२८ नाव असलेल्या फोल्डरात भलतीच आवृत्ती नांदते. म्हणून फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याकडे, ठेवायची, आणि पॉलिसीच्या फाइलमध्ये स्वयंचलित अपडेट बंद करायचं. ही पॉलिसीची फाइल, जिच्यात होमपेज वगैरेही असतं, ती फायरफॉक्सच्या फोल्डरात आत ठेवली तर नव्या आवृत्तीबरोबर हरवते. सुरुवातीला म्हटलेलं गायब होमपेज ते हेच. ती ‘/ईटीसी/फायरफॉक्स/पॉलिसीज’ इथे ठेवा. सगळ्या आवृत्त्या तिथून वाचतात, लिंकचीही गरज नाही.

लिनक्स स्वतःचा कारभारही असाच चालवतं. डेबियन घराण्यात ‘जावा’ ही कमांड म्हणजे एक लिंक. ती जाते ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज’मधल्या दुसऱ्या लिंककडे, आणि ती खऱ्या जावाकडे. दोन उड्या कशाला? कारण ‘यूएसआर’ हा पॅकेजांचा इलाखा आणि ‘ईटीसी’ हा मशीन सांभाळणाऱ्याचा. कुठलं जावा वापरायचं हा निर्णय तुमचा, म्हणून तो तुमच्या इलाख्यात साठवला जातो. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ ही कमांड मधला बाण फिरवते. उड्यांना मर्यादाही आहे: ४०च्या पुढे गेल्यावर कर्नल ‘टू मेनी लेव्हल्स ऑफ सिंबॉलिक लिंक्स’ म्हणून हात वर करतो. प्रत्यक्षात हा संदेश दिसतो तेव्हा ४० लिंक कुणी लावलेल्या नसतात. दोन लिंक एकमेकींकडे बोट दाखवत असतात.

प्लगिन, तेव्हाचे आणि आताचे

प्लगिन म्हणजे ब्राउझरच्या पोटात शिरून चालणारी बाहेरची लायब्ररी (लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायच्या कोडची फाइल). नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातल्या एनपीएपीआय या पद्धतीवर फ्लॅश चालायचं, जावा चालायचं. लिनक्सवर फायरफॉक्स ती ‘/यूएसआर/लिब/मोझिला/प्लगिन्स’ किंवा होममधल्या लपलेल्या ‘.मोझिला/प्लगिन्स’ फोल्डरात शोधायचा. शिवाय फायरफॉक्सच्या स्वतःच्या फोल्डरातही एक प्लगिन्स फोल्डर असायचा. तिथे टाकलेलं प्लगिन प्रत्येक अपग्रेडला मागे राहायचं, म्हणून जाणकार त्या फोल्डरऐवजी सामायिक फोल्डरकडे जाणारी लिंक ठेवत.

सरकारी ई-टेंडरच्या संकेतस्थळांवर डिजिटल सहीसाठी जावा अॅप्लेट (पानातच चालणारा छोटा जावा प्रोग्राम) लागायचं तेव्हा नागपूरच्या कंत्राटदारांच्या ऑफिसांत ‘जावा चालत नाही’ हे वाक्य रोज ऐकू यायचं. त्यातली बरीच प्रकरणं एकाच कारणाची होती. जावाची प्लगिन फाइल, ‘लिबएनपीजेपी२’ नावाची, लोक कॉपी करून प्लगिन्स फोल्डरात टाकत. फ्लॅशची फाइल कॉपी करून चालायची, मग ही का नाही? कारण ही फाइल स्वतः कुठे आहे ते पाहून तिथून बाकीचं जावा शोधायची. कॉपी केली की ती घरापासून तुटायची. लिंक केली तर ती मूळ जागेपर्यंत माग काढायची आणि शेजारीच जावा सापडायचं. दुसरं कारण ३२ आणि ६४ बिटांच्या घोळाचं. ६४ बिटांच्या ब्राउझरला ३२ बिटांचं प्लगिन लावलं की ‘राँग ईएलएफ क्लास’, आणि त्यावर कुठलीही लिंक चालत नाही.

तो जमाना संपला. क्रोमने २०१५मध्ये ही पद्धत काढून टाकली. फायरफॉक्सने २०१७च्या मार्चमध्ये आवृत्ती ५२पासून फ्लॅश सोडून सगळी प्लगिनं बंद केली, आणि २०२१च्या जानेवारीत ८५व्या आवृत्तीबरोबर फ्लॅशही गेलं. जावाच्या बाजूने ब्राउझर प्लगिन ११व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८पासून, नाही. मधल्या काळात ५२च्या ईएसआरमध्ये मात्र जावा चालायचं, म्हणून बऱ्याच ऑफिसांनी ती टेंडरपुरती बाजूला ठेवली आणि बाकी सगळ्याला नवी. शेजारी-शेजारी फोल्डरांचा तो अगदी योग्य वापर होता. आजही कुणी ती ५२ जपून ठेवली असेल तर तिच्यावरून बँकेचं पान उघडू नये. तिला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं २०१८मध्येच थांबलं.

आता बाहेरच्या गोष्टी ब्राउझरला जोडायचे दोन रस्ते उरलेत, आणि दोन्हींत पत्ता लिहून ठेवावा लागतो. म्हणजे लिंकचं काम आहेच.

पहिला रस्ता डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा. टोकनच्या ड्रायव्हरमध्ये शेवटी ‘.एसओ’ असलेली एक लायब्ररी असते. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली सिक्युरिटी डिव्हायसेस आहे. तिथे लोड करून या फाइलचा पत्ता द्यावा लागतो, आणि तो प्रोफाइलमधल्या (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज असलेल्या फोल्डरातल्या) ‘पीकेसीएस११’ नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये जशाच्या तसा लिहिला जातो. ड्रायव्हरच्या फाइलच्या नावात आवृत्ती असेल आणि नव्या ड्रायव्हरबरोबर नाव बदललं, तर प्रत्येक मशीनवर, प्रत्येक वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन ते बदलणं आलं. त्याऐवजी ‘/यूएसआर/लोकल/लिब/टोकन.एसओ’ अशी स्वतःची लिंक बनवा आणि फायरफॉक्सला कायम तोच पत्ता द्या. ड्रायव्हर बदलला की मशीनमागे एक बाण फिरवायचा, सीए साहेबांच्या खुर्चीत बसून सेटिंग्ज उघडायची गरज नाही.

दुसरा रस्ता नेटिव्ह मेसेजिंगचा. ब्राउझरचं एक्स्टेंशन मशीनवरच्या एखाद्या प्रोग्रामशी बोलतं ते यातून. पासवर्ड मॅनेजर असंच चालतात. त्यासाठी ‘/यूएसआर/लिब/मोझिला/नेटिव्ह-मेसेजिंग-होस्ट्स’मध्ये जेसन फाइल ठेवायची असते आणि तिच्यात प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. तो आकडा नसलेल्या लिंकचाच द्या.

लिंकच्या आरपार पाहणारे

धरमपेठेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात बाण १२८वरून १४०वर फिरवला की आर्टिकलशिप करणारा मुलगा हमखास येतो. “दादा, बुकमार्क सारेच्या सारे उडाले ना जी! पासवर्डही नाही दिसत. काहून असं झालं?”

“उडालं काही नाही रे. प्रोफाइल दुसरी उघडली.”

“मंग माझीवाली कुठं गेली?”

कुठेच नाही, आहे तिथेच आहे. २०१९च्या मे महिन्यातल्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळी प्रोफाइल देतो, आणि ‘हे कुठलं इन्स्टॉलेशन’ हे फोल्डरच्या पत्त्यावरून ओळखतो. आपण लिंकवरून उघडलं तरी तो स्वतःचा खरा पत्ता शोधतो, आणि तो निघतो ‘/ऑप्ट/फायरफॉक्स-१४०’. नवा पत्ता, नवं इन्स्टॉलेशन, कोरी प्रोफाइल. लिंकची सगळी हुशारी इथे फुकट जाते, आणि या विषयावरचे जुने लेख हे सांगत नाहीत कारण तेव्हा असं नव्हतं.

उपाय सोपा आहे. आयकॉनच्या फाइलमध्ये, जिथे ‘/ऑप्ट/फायरफॉक्स/फायरफॉक्स’ लिहिलंय, तिथे पुढे मोठ्या लिपीतला ‘-पी’ आणि प्रोफाइलचं नाव जोडा. मग फोल्डर कुठलाही असो, उघडते ती ठरलेली प्रोफाइल. खात्री करायची असेल तर पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:सपोर्ट’ टाका. तिथे अॅप्लिकेशन बायनरीच्या ओळीत खरा पत्ता दिसतो, आणि खाली प्रोफाइलचा फोल्डरही.

मागे यायची वेळ आली तर बाण १२८कडे फिरवणं सोपं, पण १४०ने हाताळलेली प्रोफाइल १२८ उघडत नाही. ‘ही नव्या आवृत्तीने वापरलेली आहे’ असं सांगून नवी बनवायला लावतो. जबरदस्तीने उघडायचा पर्याय आहे, पण त्यात माहिती खराब होऊ शकते. प्रोग्रामच्या दोन प्रती आपण ठेवल्या, डेटाची मात्र एकच होती. म्हणून बाण फिरवण्याआधी फायरफॉक्स बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरची कॉपी काढून ठेवायची. हे टाळलं तर मागे येण्याची सोय फक्त नावापुरती राहते.

त्या फोल्डरात डोकावलात तर सिमलिंकचा एक भन्नाट वापर दिसेल. फायरफॉक्स चालू असताना तिथे ‘लॉक’ नावाची लिंक असते, आणि ती ‘१२७.०.१.१:+४३१७’ अशा कशाकडे तरी बोट दाखवते. अशी फाइल जगात कुठेच नाही आणि असायची गरजही नाही. लिंकमध्ये साठवलेला मजकूर हाच निरोप: या मशीनवरच्या ४३१७ क्रमांकाच्या प्रोसेसने ही प्रोफाइल धरली आहे. लिंक बनवणं अखंड असतं आणि त्या नावाचं काही आधीच असेल तर ते फसतं, म्हणून कुलूप म्हणून ती छान चालते. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली की हे कुलूप मागे राहतं. ती प्रोसेस आता नाही हे बहुतेक वेळा फायरफॉक्स स्वतःच ओळखतो. क्रोमही ‘सिंगलटनलॉक’ नावाने असंच करतो, फक्त त्याच्या लिंकमध्ये मशीनचं नाव असतं. म्हणून कुलूप मागे राहिलेलं असताना मशीनचं नाव बदललंत, तर क्रोम ‘ही प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे’ म्हणून अडून बसतो. ती लिंक काढली की उघडतो.

आरपार पाहणारे आणखी आहेत. उबंटूची अॅपआर्मर ही सुरक्षा व्यवस्था खऱ्या पत्त्यावरून नियम लावते. नियम ‘/ऑप्ट/फायरफॉक्स’साठी लिहिला असेल तर तो ‘/ऑप्ट/फायरफॉक्स-१४०’ला लागू होत नाही. आणि २२.०४पासून उबंटूमध्ये येणारं फायरफॉक्स स्नॅप या पॅकेज पद्धतीच्या कुंपणात असतं. कुंपणाबाहेरच्या फाइलची लिंक आत ठेवली म्हणून दार उघडत नाही. टोकनची लायब्ररी दिसत नाही ती बऱ्याचदा यामुळे. गंमत म्हणजे स्नॅप स्वतः लिंकवरच चालतं. ‘/स्नॅप/फायरफॉक्स’मध्ये प्रत्येक आवृत्तीचा क्रमांकाचा फोल्डर असतो, आणि ‘करंट’ नावाचा बाण चालू क्रमांकाकडे. ‘स्नॅप रिव्हर्ट फायरफॉक्स’ केलं की आधीचा क्रमांक चालू होतो आणि तो बाण मागे येतो.

लिंकने जे होत नाही

एखादा जुना प्रोग्राम ‘लिबएसएसएल.एसओ.१.०.० सापडत नाही’ म्हणतो, तेव्हा कुणीतरी सल्ला देतं: १.१ला १.०.० नावाची लिंक लावून टाक. कृपा करून लावू नका. लायब्ररीच्या नावातला आकडा हा आत काय मिळेल याचा करार असतो. उबंटूमध्ये ‘लिबजेपेग.एसओ.८’ ही लिंक ‘लिबजेपेग.एसओ.८.२.२’कडे जाते ती चालते, कारण ८च्या आत करार तोच आहे. आणि या लिंक ‘एलडीकॉन्फिग’ हा लिनक्सचा प्रोग्राम स्वतः बनवतो. १.०.० आणि १.१ मात्र वेगळे करार आहेत. नाव बदलून आतलं सामान बदलत नाही. प्रोग्राम नशिबाने सुरू झालाच तर पुढे नको तिथे कोसळेल, आणि ही लिंक सहीच्या किंवा पासवर्डच्या लायब्ररीची असेल तर तो धोका कशाला?

उरलं साफसफाईचं. नवी आवृत्ती पंधरा-वीस दिवस बिनबोभाट चालली की जुनी काढायला हरकत नाही. आधी ‘रीडलिंक -एफ /ऑप्ट/फायरफॉक्स’ करून बाण खरंच कुठे जातो ते पाहा, आणि कुणाचं फायरफॉक्स अजून जुन्या फोल्डरातून चालू नाही ना याची खात्री करा. फोल्डर काढताना आकड्यासकट नाव लिहा. लिंक काढायची असेल तर साधं ‘आरएम’ पुरतं. ‘-आर’ लावू नका आणि नावाच्या शेवटी तिरकी रेघ देऊ नका, कारण रेघ दिली की बोलणं लिंकचं न राहता पलीकडच्या फोल्डरचं होतं. टॅबचं बटण दाबून नाव पुरं केलं की ती रेघ गुपचूप येऊन बसू शकते.

शेवटी ‘फाइंड /ऑप्ट /यूएसआर/लोकल -एक्सटाइप एल’. लोंबकळणाऱ्या सगळ्या लिंकची यादी मिळते. जुन्या फोल्डराबरोबर ज्यांचं लक्ष्य गेलं त्या काढून टाका. हीच कमांड होम फोल्डरात चालवलीत तर चालू फायरफॉक्सचं ‘लॉक’ही यादीत येईल. ते तुटलेलं नाही, राहू द्या.